शर्वरीच्या नावावरची नोंद

चूक झाली आहे हे विनीता गद्रेला सकाळी सव्वादहाला कळलं, आणि ती शर्वरीची आहे हे दहा वाजून सतरा मिनिटांनी. त्यानंतरची दोन मिनिटं तिला बरं वाटलं. हे तिने नंतर कधी कुणाला सांगितलं नसतं, पण वाटलं ते बरंच वाटलं; आपण धरलेला अंदाज खरा निघाला की जीभ टाळ्याला लावून जो एक बारीक आवाज ती काढत असे, तो तिने काढला आणि चहाचा कप पुढे ओढला. पार्थदाचा मेल समोर होता. पार्थदा म्हणजे पार्थ सरखेल, विभागाचा प्रमुख. त्याच्या मेलमध्ये पहिल्या तीन ओळी सगळ्यांच्या कष्टांबद्दलच्या कृतज्ञतेच्या असत आणि चौथ्या ओळीत कुणाचा तरी गळा असे. आजच्या चौथ्या ओळीत असं होतं, की गेल्या आठवड्यात एका तपासणी-केंद्राच्या तीन शाखांमधली एक्स-रे बघायची यंत्रं दोन दिवस बंद पडली ती आपल्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून कुणीतरी आत शिरल्यामुळे; त्या भोकाची जाहीर सूचना गेल्या वर्षी ऑगस्टमध्येच आली होती; आपल्या यादीत तिच्यासमोर 'आपल्याकडे नाही' असा निकाल आहे; निकाल शर्वरीच्या नावावर आहे; आणि शर्वरीला नोकरीत कायम करण्याचा कागद याच आठवड्यात सहीला यायचा आहे, तेव्हा दुपारी तीनला बसू या. शेवटी एक हसरं चित्र. पार्थदा माणसाला घरी पाठवतानाही हसरं चित्र टाकत असे. सोबत गिऱ्हाइकाची तक्रार जोडलेली होती, तीत बराकपूरच्या शाखेतल्या कुणा बाईंचा उल्लेख होता. कमरेचं हाड मोडलेलं, आणि डॉक्टरला चित्र दिसेना म्हणून दोन दिवस तशाच पडून होत्या. विनीताने तो भाग भराभर वाचला. गिऱ्हाइकं अशी एखादी बाई नेहमीच घालतात.

मग तिने ती नोंद उघडली. उघडायची गरज नव्हती, केवळ बघायला म्हणून उघडली. शेजारच्या घरात भांडण झालं की आपण खिडकीचं काम काढतो तशी. सव्वीस ऑगस्ट, अकरा वाजून बावन्न मिनिटं. नोंदवणारी: शर्वरी. वरची नोंद अकरा एक्कावन्नची, खालची अकरा त्रेपन्नची. त्याच्या खालची चोपन्न. मिनिटाला एक निकाल. विनीताने कप खाली ठेवला. या ऑफिसात मिनिटाला एक निकाल देणारं माणूस एकच होतं आणि ते शर्वरी नव्हतं. शर्वरी एका नावाला अजूनही पाव तास घेत असे, ओठ हलवत वाचत असे, आणि ते बघून विनीताच्या अंगावर काटा येत असे. सव्वीस ऑगस्टला शर्वरीला ऑफिसात येऊन तीन आठवडे झाले होते. त्या दिवसांत खुर्चीत रेलून, डोळे अर्धे मिटून, नावामागून नाव ऐकून निकाल सांगणारी विनीता होती. शर्वरी फक्त टंकत होती.

ही पद्धत विनीतानेच पाडलेली होती. तिला तो फॉर्म भरायचा कंटाळा होता. चौदा चौकोन, प्रत्येकात टिचकी, आणि शेवटी आपण यंत्र नाही अशी यंत्राला खात्री. म्हणून नवीन माणूस आलं की पहिले तीन महिने त्याला शेजारी बसवायचं, त्याच्या लॉगिनने फॉर्म उघडायचा आणि तोंडाने सांगत जायचं. याला ती शिकवणं म्हणत असे. पार्थदाही शिकवणंच म्हणत असे, आणि त्याबद्दल मेलच्या पहिल्या तीन ओळींत दोनदा तिचं नाव येऊन गेलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचं सोडून सगळे शिकवणं म्हणत होते, आणि अकरा वर्षांत ते कुणाला खटकलं नव्हतं, कारण शेळ्या कधी हरवल्या नव्हत्या.

काम तसं कुणाला सांगायला गेलं तर हसू यावं असं. जगात कुठेतरी कुणाला तरी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडतं. त्याची सूचना निघते, ऑफिसच्या भाषेत ॲडव्हायझरी. तीत त्या सॉफ्टवेअरचं नाव असतं. आता हे नाव म्हणजे आपल्या कोठारातल्या हजारो सोर्सपैकी, म्हणजे प्रोग्रामांच्या मूळ लिखाणांपैकी, नेमकं कोणतं, की कोणतंच नाही, हे ठरवायचं. सोपं वाटतं. पण लिहिणारा त्याला एका नावाने हाक मारतो, बांधून विकणारा दुसऱ्या नावाने, सूचना काढणारा अर्धवट ऐकून तिसऱ्याने. एका सोर्समधून सहा पॅकेजं निघतात आणि सहांची नावं सहा. कुणी एक भांडून वेगळा होतो, तेच काम घेऊन नवीन नावाने संसार थाटतो. ही सगळी गोत्रं विनीताला पाठ होती. पार्थदाने दोन वर्षांपूर्वी एक प्रोग्राम आणवला होता, तो दिसायला सारखी नावं एकमेकांसमोर मांडत असे; विनीताने तो एकदा चालवून बघितला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली की आमच्या गरियाहाटच्या फुलवाल्याला बसवा, तो स्वस्त पडेल आणि वर फुलंही देईल. सगळे हसले. प्रोग्राम गेला. सूचना पाठवणाऱ्यांविषयी तर तिला बोलवतच नसे. कुठल्या कुठल्या गावांतली पोरं, इंग्रजी वाक्य धड नाही, भोक सापडलं की जगाचा उद्धार केल्याच्या थाटात लिहितात. सव्वीस ऑगस्टची सूचना अशाच एकाची होती. चित्रांची फाइल उलगडणारं एक लहानसं, कुणी न विचारणारं सॉफ्टवेअर. पहिल्याच वाक्यात तीन चुका. तिने ती वाचून दाखवायला लावली, मधेच हात वर केला आणि म्हणाली, आपल्याकडे नाही, पुढचं.

आणि ते आपल्याकडे होतं. त्या नावाचं काही नव्हतं हे खरं, पण एक्स-रे दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या सोर्समध्ये, आतल्या आतल्या एका फोल्डरमध्ये, ते सगळंच्या सगळं कुणीतरी उचलून ठेवलेलं होतं; नावाशिवाय, अंगावरचा कागद काढून. असं करतात. आळशी लोक करतात, घाईतले करतात, चांगलेही करतात. म्हणून तर नियम आहे, आणि तो नियम विनीतानेच लिहिलेला आहे, प्रशिक्षणाच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात: नावावर जाऊ नका, सोर्स उघडा. कोलकात्याच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना हे कळलं असतं तर त्यांनी गणपतीच्या भाषणात घेतलं असतं, की पाहा, आपणही इथे असेच, परक्या घरात नावाशिवाय नांदतो आहोत. असल्या उपमा सुचणाऱ्या लोकांमुळेच तिने मंडळात जाणं सोडलं होतं.

शर्वरी तिच्या जागेवर बसली होती. पाठमोरी, एक वेणी, निळा कुर्ता, त्याच्या बाहीला इस्त्री नाही. तिने मेल वाचलेला असणारच. विनीताला तिच्याविषयी पहिल्या दिवसापासून जी अढी वाटत होती तिला तसं कारण नव्हतं, किंवा एकच होतं: ती बदलीवाल्यांची मुलगी होती. हा शब्द विनीताच्या वडिलांचा. श्यामराव स्वतः कोलकात्यात जन्मलेले, बालीगंजच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या लेखी कोलकात्यातल्या मराठी माणसांच्या दोन जाती होत्या, राहणारे आणि बदलीवाले. बदलीवाले बँकेतून येत, विम्यातून येत, तीन वर्षं माशांच्या वासाबद्दल नाक मुरडत, ज्वारीचं पीठ कुठे मिळतं हे विचारत, जाताना चार तांतच्या साड्या आणि 'गोड लोक हो बंगाली' हे एक वाक्य घेऊन जात. शर्वरीचे वडील विम्यातले. बेहालाला त्यांनी भाड्याने घर घेतलं होतं. मागच्या वर्षी त्यांची रायपूरला बदली झाली, आई-वडील गेले, आणि ही मात्र नोकरीसाठी मागे राहिली, बेहालालाच कुणाच्या तरी वरच्या खोलीत. त्यामुळे श्यामरावांच्या सिद्धान्ताला थोडा धक्का बसला होता. श्यामराव तो बघायला उरले नव्हते. पण विनीताला ते आवडलं नव्हतं. माणसाने आपल्या जातीला धरून वागावं. नोकरी गेली तर जाईल आता रायपूरला. हे तिने मनात म्हटलं आणि पुढचं वाक्य आपोआप आलं, वडिलांच्या आवाजात आलं, आणि तिने ते दाबलं तरी ते आलंच.

श्यामराव दर रविवारी घरच्या बाहेरच्या खोलीत मुलांना मराठी शिकवत. फुकट शिकवत, म्हणून कुणी काही बोलू शकत नसे. विनीता तेव्हा अकरा वर्षांची. सुनंदा नावाची एक मुलगी येई, बदलीवाल्यांचीच, दोन वेण्या, नाक सतत वाहतं. त्या मुलीने एक निबंध लिहिला, समोरच्या घरातल्या आंधळ्या कुत्र्यावर. कुत्रा पायऱ्या कशा मोजतो, दूधवाला बदलला तेव्हा दोन दिवस कसा भुंकला, असलं काहीतरी. पण वाचताना श्यामरावांचा चष्मा वर गेला आणि खाली आला. हे तू लिहिलेलं नाहीस, ते म्हणाले. सुनंदा म्हणाली, मीच लिहिलंय काका. श्यामराव हसले. त्यांचं ते हसणं अख्ख्या वर्गाला माहीत होतं, ते आलं की बाकीच्यांनी हसायचं असे. आईने लिहून दिलं की मामाने, एवढंच सांग. सुनंदाने विनीताकडे बघितलं, कारण तो निबंध तिने आधीच्या रविवारी विनीताच्याच टेबलावर, विनीताच्याच पेन्सिलीने लिहिला होता, आणि विनीताने तो शब्द न् शब्द उतरताना बघितला होता. विनीताने आपल्या चपलेच्या पट्ट्याकडे बघितलं. पट्टा लाल होता, एका बाजूने सुटलेला. सगळे गेल्यावर तिने वडिलांना सांगितलं, बाबा, तो तिनंच लिहिला होता, मी पाहिलं. श्यामराव वह्या आवरत होते. असेल, ते म्हणाले, पण आता काय त्याचं? एप्रिलमध्ये बदली व्हायचीच आहे त्यांची. आणि ते इतकं खरं होतं, इतकं सोयीचं होतं, की दोघं हसली. वडिलांबरोबर एकटीने हसण्याची ती पहिली वेळ असावी. कुणाची तरी बरोबरी मिळाल्यासारखं वाटलं होतं. त्या हसण्याची तिला आज ऑफिसात बसल्या बसल्या शिसारी आली, आणि शिसारी आली म्हणून रागही आला, कारण एवढ्या जुन्या गोष्टीचा आजच्याशी संबंध जोडणं हा भाबडेपणा होता आणि भाबडेपणा तिला कुणाचाच सहन होत नसे.

साडेअकराला अजेयचा फोन आला. अजेय तिचा नवरा. तोही मुळात बदलीवालाच, बँकेतला, पण तिच्याशी लग्न करून इथेच चिकटला. गीझरवाला येऊन गेला, हे सांगायला त्याने फोन केला होता. तिने मधेच सांगून टाकलं, माझी एक चूक झालीये ऑफिसात, दुसरीच्या नावावर पडलीये. "मग सांग की तसं," अजेय म्हणाला. ती म्हणाली, इतकं सोपं नाहीये ते. "सोपं कुठं म्हणतोय मी? चुकलीस तर चुकलीस. तू चुकतेस हे तुझ्याबरोबर राहणाऱ्या माणसाला माहितीये गं. बाकीच्यांना आज कळेल." त्याच्या आवाजात थट्टा होती आणि थोडा आनंदही, तो त्याने लपवला नाही. तिने फोन ठेवला. एकोणीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिला तिच्याच तोंडावर असं कधी म्हटलं नव्हतं, की म्हटलं होतं आणि तिने ऐकलं नव्हतं, हे तिला सांगता आलं नसतं.

बाराच्या सुमाराला ती उठली आणि शर्वरीच्या खुर्चीशी जाऊन उभी राहिली. तिथे ती सहसा जात नसे. माणसं तिच्याकडे येत. शर्वरी डबा उघडत होती, बटाट्याच्या काचऱ्या आणि पोळ्या. तिने डबा पुढे केला. विनीताने मान हलवली.

"त्या नोंदीचा मेल वाचलास?"

"हो, ताई."

"ती कशी झाली, आठवतंय तुला?"

"आठवतंय ना. जन्माष्टमीचा दिवस होता. सर ताडाच्या फळाचे गोड वडे घेऊन आले होते, मी अंडं आहे का विचारलं, तर तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, ही बघा, हिला फळातही अंडं दिसतं." शर्वरी हे तक्रारीने म्हणाली नाही. दिवस पटावा म्हणून खूण सांगितली, इतकंच. "तुम्ही सांगत होता, मी टाकत होते."

"मग पार्थला ते कळवलं का नाहीस? सकाळपासून दोन तास झाले."

शर्वरीने पोळीचा तुकडा मोडला आणि डब्यातच ठेवला. "पहिले तीन महिने सगळे निकाल तुमचेच होते, ताई. ते पडले माझ्या नावावर. डिसेंबरात सरांनी तेवढ्यावरून माझं कौतुक केलं, नवीन असून एवढ्या नोंदी, एवढ्या अचूक. मी गप्प बसले. आईला फोन करून सांगितलंसुद्धा. तेव्हा बोलले नाही, तर आता कुठल्या तोंडानं बोलू?"

हे उत्तर विनीताला कुठेच बसवता येईना. लबाडी म्हणावी तर तीत फायदा नव्हता. भोळसटपणा म्हणावा तर मुलगी सगळं समजून बोलत होती. तिला एकदम वाटलं, की ही त्या दिवशी काहीतरी म्हणाली असणार. उघडून बघू का, असं काहीतरी हळूच विचारलं असणार, आपण उडवून लावलं असणार. निदान तेवढी तरी आपल्याविरुद्ध साक्ष असावी. "तू मला सोर्स उघडून बघू का म्हणाली होतीस का त्या दिवशी?"

"नाही, ताई." शर्वरीने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मला तेव्हा उघडतात हेच माहीत नव्हतं. पहिल्या पानावर लिहिलंय ते, पण मला वाटलं, ते नुसतं लिहायचं म्हणून असेल. तुम्ही कधी उघडताना दिसला नाहीत."

विनीता जागेवर परत आली. तिने मागे मोजायचा प्रयत्न केला. शेवटचा सोर्स आपण कधी उघडला? या वर्षी नाही. गेल्या वर्षी, फेब्रुवारीत, नाही, तो दुसऱ्या कुणी उघडलेला बघितला. त्याच्या आधी? सुरुवातीला उघडत होती. डोळे दुखेपर्यंत उघडत होती. मग हळूहळू नाव ऐकलं की चेहरा दिसायला लागला आणि उघडणं हे ज्यांना चेहरा दिसत नाही त्यांचं काम झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक याला अनुभव म्हणतात. ती म्हणत असे. अख्ख्या ऑफिसला ती कमी समजत आली होती ते याच जोरावर, आणि त्या जोराचं पोट आत रिकामं होतं, हे पंधरा महिन्यांपूर्वी आलेल्या एका मुलीला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, फक्त तिला ते रिकामं आहे हे कळलं नव्हतं. तिला वाटलं होतं, मोठी माणसं अशीच काम करतात.

एक वाजता ती पार्थदाच्या काचेच्या खोलीत गेली. दयेने गेली असं म्हणता येणार नाही. शर्वरीची दया तिला अजूनही येत नव्हती. तिला इतकंच असह्य झालं होतं, की एक नोंद खोटी आहे आणि तिच्या शेजारी एक माणूस गप्प बसून ती खरी करतं आहे. पार्थदा मुडी, म्हणजे मसाला घातलेले कुरमुरे, खात होता. तिने उभ्याउभ्या सांगितलं, हिंदीत, कारण बंगालीत ती कठोर बोलू शकत नसे: तो निकाल माझा आहे, मी तोंडाने सांगितला, तिने फक्त टंकला, सोर्स मी उघडला नाही. पार्थदाने मुडीचा कागदी ठोंगा बाजूला ठेवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरत गेलं की विनीताला आधी कळलंच नाही ते काय आहे. तो भारावला होता.

"विनीतादी, आपनि खूब भालो मानुष," तो म्हणाला. मग तोही हिंदीवर आला. "मैं समझ सकता हूँ. आपके समाज की लड़की है, अकेली रहती है. आप लोगों में यह बात है, एक-दूसरे को पकड़के रखते हैं. हमारे बंगालियों में देखिए, एक चढ़ेगा तो दस टाँग खींचेंगे." विनीता म्हणाली, मी तिला वाचवत नाहीये, मला ती मुलगी आवडतही नाही. पार्थदा आणखी भारावला. त्याने हात जोडले. "आपसे गलती? इस चीज़ में? रहने दीजिए, दीदी. पूरी बिल्डिंग में कोई नहीं मानेगा."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तिने आयुष्यात शंभरदा ऐकलं असेल. पण चोर स्वतः चौकीत जाऊन उभा राहावा आणि फौजदाराने त्याच्या पाया पडावं, हे कुठल्या म्हणीत नव्हतं. तिला हसू आलं. तिने अकरा वर्षं खपून स्वतःची जी ओळख उभी केली होती, ती आता तिला आत शिरू देत नव्हती. आणि 'आपल्या समाजाची'! ज्या बदलीवाल्यांना तिने आणि तिच्या वडिलांनी मिळून चाळीस वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं, त्यांची ती तारणहार ठरली होती, एका मुडी खाणाऱ्या माणसाच्या लेखी. तिला पार्थदाची घृणा आली. मग तो चुकीचं काय बोलला हे ती शोधायला लागली आणि तिला दिसलं, की तो फक्त नावावर गेला होता.

तीनला बैठक. दोन तास होते. विनीताने स्वतःच्या नावावरच्या नोंदी काढल्या. सुरुवातीच्या वर्षांतल्या नव्हे, नंतरच्या, जेव्हा हाताखाली नवीन कुणी नव्हतं आणि तिने कपाळाला आठ्या घालून स्वतःच फॉर्म भरला होता तेव्हाच्या. फक्त 'आपल्याकडे नाही' निकालाच्या. चार हजारांवर भरल्या. त्यांतली एक तिने निवडली, न बघता, आणि सूचनेत दिलेल्या भोकाच्या खुणा घेऊन सगळ्या कोठारात शोध लावला. नावाचा नाही, आतल्या मजकुराचा. काही निघालं नाही. निकाल बरोबर. दुसरी, बरोबर. तिसरी, चौथी, पाचवी बरोबर. तिला धडधडायला लागलं, आणि तिच्या लक्षात आलं की हे विचित्र आहे. प्रत्येक बरोबर निकालागणिक तिची छाती फुगायला हवी होती, तशी ती थोडी फुगतही होती, लाज नाही म्हणतात ती अशी, आणि त्याच वेळी पलीकडे बसलेली मुलगी प्रत्येक बरोबर निकालागणिक रायपूरच्या गाडीकडे एक पाऊल सरकत होती. सहावी बरोबर. सातवी बरोबर. आठवीला ती पाणी प्यायला उठली, कुणाशी तरी तुटक बोलली, परत बसली. नववी लावली आणि पडद्यावर एक ओळ आली. मग तिच्याखाली आणखी चार. एका छपाईच्या प्रोग्रामच्या पोटात, 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये, जसंच्या तसं. निकालाखाली तिचं नाव, तारीख, आणि शेऱ्याच्या चौकोनात तिने त्या वेळी हौसेने लिहिलेलं एक वाक्य: सूचना पाठवणाऱ्याने आधी वाचायला शिकावं.

तिने ती नोंद बाजूला काढून ठेवली. मग पुढे गेली. अडीचपर्यंत तिला आणखी दोन सापडल्या. तिसरीनंतर ती थांबली. पुरावा झाला होता हे एक कारण, आणि दुसरं, पुढे बघायची हिंमत नव्हती.

बैठकीला पाच माणसं होती. शर्वरी टोकाला, वही घेऊन, वहीत तारीख घातलेली. पार्थदाने कृतज्ञतेच्या तीन ओळी म्हटल्या. चौथीच्या आधी विनीता उठली आणि तिने आपल्या तिन्ही नोंदी भिंतीवरच्या पडद्यावर लावल्या, शेऱ्यासकट. शेरा तिने मुद्दाम मोठा केला. "या माझ्या नावावर आहेत," ती म्हणाली. "या टंकायला शेजारी कुणी नव्हतं. सव्वीस ऑगस्टची यांच्याच रांगेतली आहे. मी सोर्स उघडत नाही. बरीच वर्षं उघडत नाही." पार्थदा पडद्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून तो मघाचा भाव असा उतरत गेला, की तो तिला हवाहवासा वाटला. भारावलेलं असणं एवढं उपयोगी असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. शेवटी तो थंड, कामाच्या बंगालीत बोलला, आणि हसला नाही. शर्वरीच्या कागदावर आज सही होईल. विनीतादींच्या 'आपल्याकडे नाही' म्हटलेल्या सगळ्या नोंदी, अकरा वर्षांच्या, उघडून तपासल्या जातील. तोवर विनीतादी निकाल देणार नाहीत. तपासणार कोण, असं कुणीतरी विचारलं. पार्थदाने खोलीत नजर फिरवली. उघडून बघण्याची सवय असलेलं माणूस त्या खोलीत एकच होतं. त्याच सवयीपायी ते पाव तास घेत असे. "शर्वरी," तो म्हणाला. "आजपासून."

शर्वरीने आभार मानले नाहीत. विनीताला ती मानेल अशी धास्ती होती, डोळ्यांत पाणी आणून ताई म्हणेल अशी. तसं काही झालं नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं, बाहेर येऊन आईला फोन केला, दोन मिनिटं हळू बोलली, आणि पाचच्या सुमाराला विनीताच्या टेबलाशी येऊन एक खुर्ची ओढून बसली. लॉगिन तिचंच. "ताई, जुन्यापासून घेऊ की नव्यापासून?" विनीता म्हणाली, कुठूनही घे. शर्वरीने जुन्यापासून घेतलं. पहिली नोंद अकरा वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातली. तिने सूचना वाचली, ओठ हलवत. सोर्स उघडला. फोल्डरमागून फोल्डर उघडत, बोट पडद्यावर टेकवत, ती खाली खाली जात राहिली; बोटाचा डाग काचेवर पडला, आणि विनीताने पुसला नाही. निकाल विनीताला पहिल्या क्षणीच ठाऊक होता. पूर्वी ती तो म्हणून मोकळी झाली असती, आणि बहुतेक बरोबरच निघाला असता. पण 'बहुतेक' हा शब्द आज पहिल्यांदा तिच्या पोटात उतरला होता, आणि ती हात मांडीवर घेऊन, रविवारच्या वर्गातल्या कुठल्याशा मुलीसारखी, गप्प बसून होती. खाली रस्त्यावर ऑटोवाले करुणामयी स्टॉपच्या नावाने ओरडत होते. माणसं उठून घरी जायला लागली होती. जाताना त्यांतला एकही तिच्या टेबलाकडे बघत नव्हता, आणि न बघण्याची ती तऱ्हा तिला चांगली ओळखीची होती.

बारा मिनिटांनी शर्वरी मागे टेकली.

"हे बरोबर आहे, ताई."

ती ते अगदी हळू म्हणाली, समजुतीने. त्यात उपहास नव्हता. उपहास असता तर विनीताला त्याचं काय करायचं ते माहीत होतं. त्या खेळात तिला हरवणारं अजून जन्मायचं होतं. तिला एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते शर्वरीला दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली.

"नक्की?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने कधी कुणाला विचारला नव्हता. आवाजही तिचा नव्हता.

शर्वरीने तिच्याकडे वळून बघितलं नाही.

"थांबा," ती म्हणाली, "परत एकदा उघडते."